ठसा आणि कस : रोमच्या सुवर्णनाण्यांवरील सम्राटप्रतिमा

सराफाच्या हाती नाणे पडले की तो प्रथम त्याचे वजन पाहतो, मग ते कसोटीवर घासतो आणि सर्वांत शेवटी, पाहिलाच तर, त्यावरचा ठसा पाहतो. राजाचा क्रम नेमका उलटा असतो. नाणे घेणाऱ्याने प्रथम ठसा पाहावा, ठशापुढे मान लववावी आणि वजनाची व कसाची चौकशी शक्य तो करूच नये, अशी त्याची इच्छा असते. नाणे या दोन दृष्टींच्या मधोमध उभे असते. काव्य ज्याला रुचेल तो वाचतो, चित्र ज्याला पाहावयाचे असेल तो पाहतो. नाणे मात्र शत्रूलाही हाती घ्यावे लागते. म्हणूनच सत्तेने स्वतःविषयी काय बोलावे आणि लोकांनी त्यावर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे असेल तर नाण्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा मिळणे कठीण.

रोमन साम्राज्याच्या सुवर्णनाण्यांचा उल्लेख आपल्याकडे होतो तो बहुधा प्राचीन व्यापाराचा पुरावा म्हणून. हा पुरावा मोलाचा आहे यात शंका नाही. तथापि ही नाणी कलाकृती आहेत, आणि त्याहीपेक्षा ती विधाने आहेत. सुपारीएवढ्या जागेत एक मुखवटा, एक दृश्य आणि चारदोन शब्द बसवून एका सम्राटाने कोट्यवधी माणसांशी केलेले ते भाषण आहे. भाषणाची समीक्षा ज्या निकषांनी करतात त्याच निकषांनी त्यांची समीक्षा झाली पाहिजे : जे सांगितले ते सुंदर रीतीने सांगितले काय, आणि जे सांगितले ते खरे होते काय? आमचे मत असे की, या नाण्यांवरील कला सत्याच्या जवळ राहिली तोवर ती थोर होती. आणि ज्या दिवसापासून ठशाने कसाची जागा घेऊ पाहिली, त्या दिवसापासून तिचा आवाज चढत गेला व अर्थ ओसरत गेला.

प्रारंभ ज्यूलियस सीझरपासून करावा लागतो. त्याच्यापूर्वी रोमने सोने क्वचितच पाडले होते. इ. स. पू. ४६ मध्ये त्याने ‘ऑरियस’ हे सुवर्णनाणे मोठ्या प्रमाणावर काढले. एका रोमन रत्तलात, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम सोन्यात, अशी ४० नाणी बसत. एका नाण्याचे वजन साधारण ८ ग्रॅम भरे. पुढे एका ऑरियसला २५ डिनेरियस, म्हणजे चांदीची २५ नाणी, असा भाव रूढ झाला. परंतु सीझरची खरी क्रांती सोन्यात झाली नाही, चांदीत झाली. इ. स. पू. ४४ च्या आरंभी त्याच्या हयातीतच त्याचा चेहरा रोमच्या टांकसाळीतील डिनेरियसवर उमटला. तोवर त्या जागी देवता असत, किंवा फार तर दिवंगत पूर्वज असत. जिवंत माणसाने देवाची जागा घेण्याचा हा पहिला प्रसंग. त्याच वर्षी १५ मार्चला सीझरचा वध झाला.

या कथेचा पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. वध करणाऱ्यांपैकी ब्रूटस हा लोकशासनाचा कैवारी म्हणवणारा. त्याने पुढील दोन वर्षांत सैन्याच्या वेतनासाठी नाणी पाडली, त्यांपैकी एकावर दोन खंजीर, त्यांच्यामध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली मार्चच्या त्या तिथीचा उल्लेख आहे. इतके धीट, इतके मोजके आणि इतके स्पष्ट राजकीय चित्र नाण्यांच्या इतिहासात क्वचित आढळेल. पण नाणे उलटवावे तो दुसऱ्या बाजूस कोण? स्वतः ब्रूटस! स्वतःची प्रतिमा नाण्यावर कोरविणाऱ्याचा वध आपण केला, हे सांगण्यासाठी त्याने स्वतःची प्रतिमा नाण्यावर कोरविली. चेहऱ्याचा मोह एकदा टांकसाळीत शिरला की त्यातून त्याचा शत्रूही सुटत नाही, हे या एका नाण्याने दोन्ही बाजूंनी सिद्ध केले आहे. या नाण्याचे सोन्यातील अवघे तीन नमुने ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात प्रचंड किमतीस विकला गेला आणि त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचे निष्पन्न झाल्यावर २०२३ मध्ये ग्रीस देशाकडे परत करण्यात आला. आठ ग्रॅम सोन्याला आज एवढे मोल येते ते अर्थातच ठशामुळे.

सीझरच्या दत्तकपुत्राने, ऑगस्टसने, या मोहाला शास्त्राचे रूप दिले. सीझरला मरणोत्तर देवत्व बहाल झाले होते. त्याचा लाभ घेऊन ऑगस्टसने आपल्या नावापुढे ‘दिवी फिलियुस’, म्हणजे ‘देवाचा पुत्र’, ही अक्षरे कोरविली. स्वतःला देव म्हणवून घेण्याचा उतावीळपणा त्याने रोममध्ये केला नाही. देवाचा मुलगा म्हणवून घेणे पुरेसे होते. त्याची चित्रभाषाही अशीच संयत आहे. इजिप्त जिंकल्यावर काढलेल्या नाण्यावर युद्ध नाही, प्रेतांचा खच नाही. एक मगर आहे, आणि इजिप्त काबीज झाल्याचे सांगणारे दोन शब्द आहेत. एखाद्या कसलेल्या कवीने लांबलचक वर्णन टाळून एकच उपमा द्यावी तसे हे झाले. त्याच्या नाण्यांवरील मुखात काळाचा प्रवेश नाही. तो पंच्याहत्तरी ओलांडून वारला, परंतु नाण्यांवर तो अखेरपर्यंत तरुणच राहिला. ग्रीक शिल्पकलेतील निर्विकार सौंदर्य येथे राज्यकारभाराच्या कामी लागले आहे.

पण या संयमातही एक खोच आहे. इ. स. पू. २० मध्ये पार्थियन राजाने पूर्वी रणांगणात हिसकावलेले रोमन ध्वज परत केले. हे घडले ते बोलणी होऊन. लढाई झालीच नाही. नाण्यांवर मात्र एक पार्थियन गुडघे टेकून ध्वज परत करताना दिसतो. तहाचा विजय झाला! खोटे असे यात काहीच नाही. ध्वज आले हे खरेच. परंतु गुडघे टांकसाळीतील कारागिराने टेकविले आहेत. राजकीय चित्रकलेचे सारे कौशल्य आणि तिचा सारा धोका या एका गुडघ्यात सामावला आहे.

यानंतरच्या शतकात ठसा कोरणाऱ्या कारागिरांनी जे साधले ते पाश्चात्त्य कलेच्या इतिहासात अढळ स्थान मिळविण्याजोगे आहे. त्यांनी सम्राटांचे चेहरे खरे काढले. नीरोच्या तारुण्यातील नाण्यांवर गुबगुबीत गालांचा मुलगा दिसतो. पुढे वर्षागणिक त्याची मान जाड होते, हनुवटीखाली मांस साठते, केसांच्या लाटा अधिकाधिक नटव्या होतात. व्हेस्पेझियनचे टक्कल, कपाळावरच्या आठ्या, घट्ट मिटलेले ओठ, हे सारे एखाद्या काटकसरी शेतकऱ्याचे वाटावे असे आहे, आणि मुळात तो तसाच होता. सत्ताधीशाच्या आज्ञेने, सत्ताधीशाच्या पैशाने, सत्ताधीशाचेच चित्र काढताना कारागिराने सत्य न सोडणे आणि सत्ताधीशाने ते चालू देणे, ही दोन्ही बाजूंनी मोठीच गोष्ट होय.

नीरोच्याच नाण्यांवर एका कुटुंबाची शोकांतिकाही कोरली गेली आहे. इ. स. ५४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि राज्य त्याची आई अग्रिपिना हिच्या हाती होते. त्या वर्षीच्या सुवर्णनाण्यावर आई आणि मुलगा समोरासमोर आहेत, आणि दर्शनी बाजूस पदव्या आहेत त्या आईच्या. पुढच्याच वर्षी दोघांची मुखे एकामागे एक आली. पुढे मुलगा, मागे आई, आणि दर्शनी पदव्या मुलाच्या. मग आई नाण्यावरून नाहीशी झाली. इ. स. ५९ मध्ये नीरोने तिची हत्या करविली. इतिहासकारांनी राजवाड्यातील कारस्थानांवर पानेच्या पाने लिहिली; टांकसाळीने तीच हकीकत तीन ठशांत सांगितली.

आता या कलेची काळी बाजू. इ. स. ७० मध्ये व्हेस्पेझियनचा पुत्र टायटस याने जेरुसलेम जिंकले आणि ज्यू लोकांचे मंदिर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर निघालेल्या सुवर्णनाण्यावर विजयस्तंभाखाली एक स्त्री बसली आहे. तिने डोके हातावर टेकले आहे, खांदे गळाले आहेत, आणि खाली एकच शब्द आहे : ‘यूदाइआ’. निव्वळ कला म्हणून पाहिले तर हे चित्र अप्रतिम आहे. शोकाची मुद्रा एवढ्या लहान जागेत याहून उत्कटपणे क्वचितच कोणी कोरली असेल. परंतु हा शोक पाहणाऱ्याच्या मनात करुणा जागवण्यासाठी कोरलेला नाही, विजयाचा आनंद द्विगुणित करण्यासाठी कोरलेला आहे. आपले देव मूळ स्थान सोडून अंत्रूज महालात न्यावे लागले, ही आठवण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, त्याला या बसलेल्या स्त्रीची ओळख करून देण्याची गरज नाही. त्यातही मर्मभेदक गोष्ट अशी की, ज्यू लोक आपल्या मंदिरासाठी जी वार्षिक वर्गणी देत, ती व्हेस्पेझियनने बंद केली नाही; मंदिर गेल्यावरही ती दोन डिनेरियसच्या हिशेबाने वसूल करून रोमच्या ज्युपिटर देवाच्या मंदिराकडे वळविली. नैवेद्य तोच राहिला, गाभारा मात्र जेत्याचा झाला.

या प्रकरणाला एक उत्तरार्ध आहे आणि न्यायबुद्धीने तोही सांगितला पाहिजे. इ. स. ९६ मध्ये नर्वा सम्राट झाला. या कराच्या वसुलीत खोट्या आरोपांनी होणारा छळ आपण दूर केला, असे सांगणारे एक नाणे त्याने काढले. त्यावर यूदाइआच्या पूर्वीच्या काही नाण्यांवरील तेच ताडाचे झाड आहे. खाली रडणारी स्त्री मात्र नाही. सत्तेने आपल्या अन्यायाची कबुली नाण्यावर द्यावी, हे दृश्य विरळाच. परंतु हे नाणे पितळेचे आहे. गर्जना सोन्यात झाली होती, कबुली हलक्या धातूत आली. तरीही ती आली, याचे श्रेय रोमला द्यावयास हवे.

रोमन नाण्यांच्या मागील बाजूस वरचेवर आढळणाऱ्या ज्या स्त्रीमूर्ती, त्यांच्याकडे आमच्या वाचकांचे लक्ष विशेष जाईल. कोणाच्या हाती तराजू आहे, ती समता. कोणाच्या हाती समृद्धीचे शिंग आहे, ती विपुलता. कोणाच्या हाती सैन्याचे ध्वज आहेत, ती एकोपा. मूर्तीच्या हातातील आयुधांवरून देवता ओळखण्याची सवय असलेल्या आपणां लोकांस हे सारे प्रथमदर्शनी फार परिचयाचे वाटते. परंतु साम्य वरवरचे आहे. आपल्याकडे मूर्ती घडवून भागत नाही. प्राणप्रतिष्ठा व्हावी लागते, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्यांची उपासना तिच्यात तेज साठवते. रोममध्ये यांपैकी काहींची मंदिरे होती, काहींची पूजाही होई. पण नाण्यावर त्या आल्या त्या सम्राटाच्या सेवेला. समता कोणाची? सम्राटाची. दूरदृष्टी कोणाची? सम्राटाची. देवतांची नावे हळूहळू षष्ठी विभक्तीला टेकली आणि षष्ठीत सदैव एकच माणूस राहिला.

ही घसरण कोठवर गेली ते पाहावे. ऑगस्टस देवाचा पुत्र होता. त्याच्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी कॉमोडसने इ. स. १९२ मध्ये सिंहाचे कातडे डोक्यावर घेऊन स्वतःलाच ‘रोमन हर्क्युलिस’ म्हणून सोन्यात कोरविले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याचा खून झाला आणि सीनेटने त्याच्या स्मृतीचा धिक्कार केला. नंतर आलेल्या पर्टिनॅक्सला त्याच्याच रक्षकदलाने ठार केले. मग मार्च १९३ मध्ये जे घडले त्याला जगाच्या इतिहासात तोड नाही : रक्षकदलाने साम्राज्याचा लिलाव मांडला. एकाने दर सैनिकास २०,००० सेस्टर्सची बोली केली. डिडियस ज्युलियानसने ती २५,००० वर नेली आणि सम्राटपद घेतले. एका ऑरियसचे १०० सेस्टर्स होत, म्हणजे प्रत्येक सैनिकामागे २५० सुवर्णनाणी! या गृहस्थाने गादीवर येताच जी नाणी काढली, त्यांवरील एका ठशात ध्वज धरून उभी असलेली देवी आहे आणि मुद्रालेख आहे ‘सैनिकांचा एकोपा’. ६६ दिवसांनी, त्या एकोप्याचा कोणताही पुरावा न मिळता, तो मारला गेला. एकोप्याची ही मूर्ती कुशल हातांनी कोरलेली आहे, प्रमाणबद्ध आहे. वाईट म्हणता येईल असे तिच्यात काही नाही. पण ती कोणाला फसवू शकली नाही, कारण ज्यांचा एकोपा तिने मिरविला त्यांनाच त्याचा भाव ठाऊक होता.

येथे कसाचा प्रश्न येतो. नीरोने इ. स. ६४ मध्ये एका रत्तलात ४५ ऑरियस बसविले, इ. स. २१५ मध्ये कॅराकॅलाने ५० बसविले. सोन्याची शुद्धता दीर्घकाळ राखली गेली, हे मान्य केले पाहिजे. सोन्यात भेसळ करणे साम्राज्यालाही परवडणारे नव्हते. घटले ते वजन. चांदीची मात्र दैना झाली. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ‘चांदीच्या’ नाण्यात चांदी नावापुरती उरली आणि सोन्याच्या वजनालाही धरबंद राहिला नाही. अशा काळात मुद्रालेख काय म्हणतात? ‘जगाचा पुनरुद्धारक’. ही पदवी नाण्यांवर मिरविणाऱ्या व्हॅलेरियनला इ. स. २६० मध्ये इराणच्या शापूरने जिवंत पकडून नेले आणि तो परत आला नाही. नाणे जितके हलके, पदवी तितकी जड, असा नियमच बांधावा असा हा काळ आहे. वाङ्मयातही असेच होते. अनुभव विरळ झाला की विशेषणे दाटू लागतात.

रोमन नाण्यांची सर्वांत कठोर समीक्षा मात्र रोममध्ये झाली नाही. ती झाली आपल्या देशात, आणि लेखणीने न होता छिन्नीने झाली. भारताशी होणाऱ्या व्यापारात साम्राज्याचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने इ. स. ७७ च्या सुमारास केली. सोन्यात हिशेब केला तर हे पाच लाख ऑरियस होतात. आकड्याला अतिशयोक्तीचा वास असेलही. पण मिरी, मलमल आणि मोती यांच्या मोबदल्यात रोमचे सोनेचांदी दक्षिण भारतात ओतले जात होते, याची साक्ष जमिनीने वारंवार दिली आहे. १८९८ मध्ये पुदुक्कोट्टै संस्थानात सापडलेल्या एका ठेव्यात ५०१ ऑरियस होते, ऑगस्टसपासून व्हेस्पेझियनपर्यंतच्या सम्राटांचे. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा सरळ घाव आहे.

हा घाव कशासाठी? धातूची पारख करण्यासाठी म्हणावे, तर तो नेमका चेहऱ्यावरच का पडावा? मूर्तिभंजन म्हणावे, तर ज्या देशात प्रतिमा पूजिल्या जातात तेथे त्याचे प्रयोजन काय? पटण्याजोगे स्पष्टीकरण असे की, झिजलेले नाणे यापुढे नाणे म्हणून चालू नये, केवळ वजनावर विकले जाणारे सोने व्हावे, यासाठी ते रद्द करण्याची ही खूण होती. म्हणजे घाव घालणाऱ्याला सम्राटाविषयी ना द्वेष होता ना आदर. त्याने देवपुत्राचा चेहरा पाहिला, तो चेहरा आपल्या व्यवहारात निरर्थक आहे असे ठरविले, आणि सोने ठेवून घेतले. टांकसाळीत ज्याचा आरंभ झाला त्या भाषणाला मिळालेले हे सर्वांत संक्षिप्त उत्तर आहे.

तथापि चित्र एकरंगी नाही. एका प्राचीन रोमन नकाशाची मध्ययुगीन प्रत व्हिएन्नात जतन केलेली आहे. तीत केरळ किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराजवळ ‘ऑगस्टसचे मंदिर’ दाखविले आहे. अवशेष अद्याप हाती लागलेले नाहीत. पण तेथे वसलेल्या रोमन व्यापाऱ्यांनी सम्राटाची पूजा चालविली असणे असंभवनीय नाही. दुसरीकडे तेलंगणातील कोंडापूरच्या उत्खननात टायबेरियसच्या नाण्याची मातीत केलेली प्रतिकृती मिळाली, गळ्यात घालण्यासाठी केलेली. इतरत्र रोमन सोन्याला भोके पाडून त्यांचे पदक केल्याचे नमुने आहेत. म्हणजे कोणी चेहरा छाटला, कोणी तो छातीवर मिरविला. पण त्याची आज्ञा मात्र कोणी मानली नाही.

उत्तरेत कुषाणांनी आणखी वेगळा मार्ग काढला. विम कदफिससने सुमारे ८ ग्रॅमची सुवर्णनाणी काढली, ऑगस्टसच्या ऑरियसशी वजनात जुळणारी. रोमन नाण्याची मात्रा त्याने घेतली. मागील बाजूस मात्र शिवाला उभे केले. डिनेरियस हा रोमन शब्द आपल्या भाषांत ‘दीनार’ होऊन राहिला आणि गुप्तांच्या दानपत्रांत सोन्याच्या नाण्याचे नाव बनला. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याने देवब्राह्मणांस दिलेल्या ७०,००० कार्षापणांची नोंद आहे, आणि ३५ कार्षापणांस एक ‘सुवर्ण’ या दराने ते २,००० सुवर्ण होतात, असा हिशेबही तेथेच कोरला आहे. त्याच नहपानाची चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडली, तेरा हजारांहून अधिक. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. पराभूत राजाच्या मुखावर जेत्याने काय उमटविले? स्वतःचे मुख नव्हे. तीन कमानींचा डोंगर, उज्जयिनीचे चिन्ह आणि नाव. यावरून आपण निरहंकारी आणि रोम अहंकारी, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. त्याच सातवाहन कुळातील पुढच्या राजांनी स्वतःचे मुख चांदीवर कोरविलेच, आणि गुप्त सम्राट तर सिंहाला मारताना, वीणा वाजविताना, अश्वमेध करताना सोन्यात अवतरले. चेहऱ्याचा मोह हा कोण्या एका देशाचा दोष नाही.

तरीही दुसरी एक परंपरा आपल्याकडे दृढ होती, आणि गोमंतकीयांस ती सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही. गोव्याच्या कदंब राजांच्या सुवर्णनाण्यांवर सिंह आहे, आणि मुद्रालेखात राजा स्वतःला श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने लाभलेला म्हणवितो. रोमन सम्राट देवाचा पुत्र होता, मग स्वतः देव झाला, पुढे कॉन्स्टंटाइनच्या पहिल्या नाण्यांवर सूर्यदेव त्याचा ‘सहचर’ झाला. कदंब राजाने नात्याची दिशा उलटी ठेवली. देव देणारा, राजा घेणारा. ज्या सप्तकोटीश्वराचे नार्वे येथील मंदिर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधविले, त्यांच्याच १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित होनावर मुख नाही, आकृती नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, एवढीच अक्षरे आहेत. दर्शनी सौंदर्यात हा होन व्हेस्पेझियनच्या ऑरियसपुढे उभा राहणार नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. पण त्याला जे सांगावयाचे होते ते त्याने गुडघे टेकलेल्या कोणाही माणसाच्या साहाय्याविना सांगितले.

रोमविषयी शेवटचा शब्द कठोर असू नये. कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या आरंभी ‘सॉलिडस’ हे नवे सुवर्णनाणे काढले, रत्तलास ७२ या मानाचे, सुमारे साडेचार ग्रॅमचे. ऑरियसहून ते हलके होते, परंतु जे वजन ठरले ते पाळले गेले, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी अकराव्या शतकापर्यंत त्याची पत राखली. त्याच सम्राटाच्या उत्तरकालीन नाण्यांवर एक नवे मुख दिसते : नजर समोर नाही, वर आकाशाकडे लागलेली. यातही कला आहे, यातही राजकारण आहे. तरी तीनशे वर्षे लोकांकडे पाहत आज्ञा देणाऱ्या चेहऱ्याने आपल्याहून उंच काही आहे हे मान्य केल्याचे ते पहिले चिन्ह होते, आणि ते उमटले तेही वजनाचा शब्द पाळणाऱ्या नाण्यावर.

आपल्या घरांतील पुतळ्यांच्या माळेकडे या दृष्टीने एकदा पाहावे. ‘पुतळी’ हे नाव व्हेनिसच्या सुवर्णनाण्याचे. त्यावर तेथला राज्यप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारीत असे, आणि ती मांडणी रोमच्या वारस असलेल्या बायझंटिन नाण्यांची ऋणी होती. आपल्याकडील सोनारास ना तो राज्यप्रमुख ठाऊक होता, ना तो संत. त्याने उभ्या आकृती पाहिल्या, त्यांना पुतळी म्हटले, सोन्याचा कस पाहिला आणि माळ ओवली. राज्य गेले, संताचे नाव गेले, ठशाचा अर्थ पुसला गेला. सोने मात्र देवीच्या आणि सुवासिनीच्या गळ्यात राहिले. कोणत्याही काळातील सत्ताधीशाने आपली छबी किती ठिकाणी लावावी याचा विचार करताना, ती ज्या धातूवर उमटते त्याचा कस आधी पाहावा. पुढच्या पिढ्या पाहणार आहेत तो तोच.